नाझरकाकांची उलटतपासणी

नाझरकाकांनी माणसाचं पहिलं उत्तर कधी खरं धरलं नाही. किती वाजले म्हणून विचारायचे, आणि सांगितलं की पुढचा प्रश्न तयार असे, "कोन्या घड्याळात?" दूधवाला, पोस्टमन, शेजारचे मास्तर, सख्खी बहीण, सगळ्यांना एकच न्याय. प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकून घ्यायचं, मध्ये दुसऱ्याच गोष्टी काढायच्या आणि माणूस जरा सैल पडला की तोच प्रश्न थोडा वाकवून पुन्हा टाकायचा. दोन्ही उत्तरं जुळली तर त्यांची मान किंचित हलायची. समाधानाची त्याहून मोठी खूण मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिली नाही.

बुलढाण्याला कॉलेजात नाव घातल्यावर मी खोली शोधत त्यांच्याकडे गेलो तो दिवस अजून आठवतो. उंच, वाळकी अंगकाठी, काळी टोपी, आणि घरात असूनही अंगात कोट. ओट्यावर उभं ठेवूनच त्यांनी नाव, गाव, बापाचा धंदा विचारला. मी सांगितलं, प्रल्हाद, मेहकरजवळचं खेडं, वडील भाजीपाला करतात. मग त्यांनी यंदा मेहकरकडे पाऊस कसा आहे, बस कुठं कुठं थांबते, असल्या गप्पा काढल्या. मी खुललो. तेवढ्यात ते म्हणाले, "काय नाव म्हनाला तू?"

"प्रल्हाद."

"आन् बाप पऱ्हाटी लावते म्हनाला ना?"

"नाही काका, कापूस नाही, भाजीपाला. वांगी, मिरची."

मान हलली. "खोली मांगच्या अंगाले हाय. खिडकीतून रस्ता दिसत नाई. अभ्यासाले बरी."

ते जिल्हा कोर्टात नाझर होते. समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम हे सगळं ज्याच्या हाताखालून गावोगाव जातं, तो नाझर. निवृत्त होऊन चारपाच वर्षं झाली होती, पण गावाला त्यांचं खरं नाव आठवत नव्हतं. समोर सगळे नाझरकाका म्हणत आणि पाठीमागे 'उलटतपासणी'. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं. कोणी ठेवलं याची चौकशी त्यांनी पुरी केली होती, असं काकू हसून सांगत.

वर्तमानपत्रं ते दोन घेत आणि एकच बातमी दोन्हीकडे वाचत. दोन्हीकडे थोडा थोडा फरक असला तर बातमी खरी. शब्दाला शब्द जुळला की पेपर घडी करून बाजूला ठेवत. म्हणत, "दोन साक्षीदार सारखेच बोलले तं समजून घे, कोनं तरी पढवून आनले. खरं पाहनाऱ्या दोघायले कधी एकसारखं दिसत नाई."

माझे वडील पहिल्यांदा खोलीवर आले तेव्हा टोपलीभर वांगी घेऊन आले. काटेरी, जांभळी, सकाळी तोडलेली. नाझरकाकांनी एक वांगं हातात घेऊन उन्हात फिरवलं, देठ दाबून पाहिलं, आणि विचारलं, "हे कायले आनले?"

"पोराले सांभाळता तुमी. म्हून आनले."

"पोराले मी सांभाळत नाई. खोली देली हाय." मग पाच मिनिटं वांग्यावर कीड कोणती पडते, पाणी किती दिवसांनी द्यायचं हे सगळं विचारून झालं, आणि पुन्हा, "मंग हे वांगे कायले आनले म्हनाले?" वडील शांतपणे म्हणाले, "खायाले." नाझरकाकांची मान हलली आणि टोपली आत गेली. जाताना वडील मला म्हणाले, "मानूस कडू हाय. पर कडू कारल्यावानी. पोटाले वाईट नाई."

हा स्वभाव आला कुठून, हे मला काकूंनी एका दुपारी तांदूळ निवडता निवडता सांगितलं. काका तेव्हा नवे नाझर झाले होते. एका विधवेवर तिच्या दिरानं घराचा दावा लावला होता. तिला नोटीस द्यायला बेलिफ गेला आणि परत येऊन लिहून दिलं, बाई घरी भेटली, नोटीस घेतली, अंगठा द्यायला नकार दिला. काकांनी त्याच्या शब्दावर कागद पुढं पाठवला. बाई कोर्टात आली नाही, दावा एकतर्फी निघाला, घर गेलं. पुढं कळलं की बेलिफ त्या गावाला गेलाच नव्हता आणि बाई मुलीच्या बाळंतपणाला परगावी होती. ती एक दिवस कोर्टाच्या ओसरीत येऊन उभी राहिली. ना रडली ना भांडली. एवढंच म्हणाली, "साहेब, मले कोनी इचारलं काऊन नाही?"

"तेव्हापासून हे असं," काकू म्हणाल्या. "सारं विचारून घेतात. अगदी मीठ घातलं का भाजीत, हेही दोनदा."

मी बी. कॉम. झालो तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्याकडच्या सुशिक्षित पोराला दोनच वाटा दिसत, कचेरीत कारकून नाहीतर शाळेत मास्तर. मी निकालानंतरही नाझरकाकांची खोली सोडली नव्हती. वाचनालयात रोज जाहिराती पाहायचो. एका इंग्रजी पेपरात मुंबईच्या एका मोठ्या कंपनीची जाहिरात दिसली. साबण, तेलं असला माल बनवणारी कंपनी. ताजे पदवीधर निवडायचे, दोन वर्षं स्वतःच्या खर्चानं शिकवायचे, कारखान्यात, बाजारात, कचेरीत फिरवायचे आणि मग एकदम अधिकारी म्हणून बसवायचे. मी ती तीन वेळा वाचली. असं कुठं असतं का, असं मलाच वाटलं, मग नाझरकाकांना काय वाटलं असेल!

"शिकवनार ते, आन् पगारबी तेच देनार?"

"हाव काका."

"कायले?"

"त्यायले पुढारी तयार करायचे आहेत म्हणतात. कंपनीतले."

"पुढारी?" त्यांनी जाहिरातीची नक्कल पुन्हा एकदा वाचली. "आधी आपले कागद नागपूरले जात, आता मुंबईले जातात. कागद जितका लांब जाते तितका मानूस त्यायले बारका दिसते. एवढ्या लांबून तुले पाहून राह्यले, तं पाहनाऱ्याची नजर काय हाय हे पहिले शोध."

तरी फॉर्म भरायला त्यांनीच बसवलं. कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून टाइप करून आणलेला फॉर्म मी त्यांच्यापुढं ठेवला. ते एकेक ओळ बोट ठेवून वाचत होते. एका ओळीवर बोट थांबलं. शिक्षणात खंड पडला असल्यास कारण, असा तो रकाना होता. मी लिहिलं होतं, वडिलांचं दीर्घ आजारपण.

खरी गोष्ट अशी की मी अकोल्याला इंटरला इंग्रजीत नापास झालो होतो. ते वर्ष मी गावी मिरचीच्या वाफ्यांत खुरपं घेऊन काढलं, दुसऱ्या खेपेला पास झालो आणि पुढं अकोल्याला तोंड दाखवायला नको म्हणून बुलढाण्याला आलो. इथं ते कोणाला ठाऊक नव्हतं.

"काय झालं होतं बापाले?"

"टायफॉइड."

त्यांनी टाकाची निब पुसली, मुंबईच्या कोणत्या गाडीनं जाशील विचारलं, मलकापूरला गर्दी फार, त्यापेक्षा नांदुऱ्याहून बैस, गर्दीत कागद हरवतात, असा सल्ला दिला. आणि मग, "किती दिवस होता म्हनाला काविळीचा आजार?"

"कावीळ नाही काका. टायफॉइड. चार महिने." माझे कान तापले होते.

ते फॉर्म खाली ठेवून म्हणाले, "पाह्य प्रल्हाद. हे खरं असलं तं प्रश्न नाई. खोटं असलं तं हे तुले जन्मभर सांभाळा लागन. म्हातारपनीबी ध्यानात ठेवा लागन, बापाले कोन्या साली काय झालं होतं. लिहिनाऱ्याचं काम एका मिनिटाचं. सांभाळनाऱ्याचं संपत नाई."

"खरंच आहे ते," मी जरा चढ्या आवाजात म्हणालो आणि फॉर्म उचलला. त्याच दुपारी पोस्टात टाकला.

पंधरा दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. नाझरकाकांनी पाकीट उजेडात धरलं, शिक्का पाहिला, सही शाईची आहे का छापील हे बोट ओलं करून तपासलं. मग रोज संध्याकाळी ओट्यावर माझी तयारी सुरू झाली. ते खुर्चीवर, मी समोर उभा.

"कंपनीले तूच काऊन पायजे?"

"मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, माझ्या अंगी..."

"बस. हे पाठ केलं. पढवलेला साक्षीदार पहिल्या प्रश्नाले बरा वाटते, दुसऱ्याले तोंडावर पडते. जे पाह्यलं ते सांग, जे नाई पाह्यलं ते नाई पाह्यलं म्हन. आन् तिथं कोनी लय हसून बोललं तं जास्त सावध राहजो."

याच दिवसांत एकदा वडील आले. मी मागच्या अंगणात पाय धूत होतो आणि पुढून नाझरकाकांचा आवाज आला, "मधी तब्येत बरी नव्हती म्हने तुमची?"

"कोनाची, माही?" वडील हसले. "मले तं साधी सर्दी होत नाई."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. आता नाझरकाका हाक मारतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी मारली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. संध्याकाळची उजळणी तशीच चालू राहिली, फक्त त्या एका वर्षाबद्दल त्यांनी पुन्हा अवाक्षर काढलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. गप्प बसलेला नाझरकाका मी आधी पाहिला नव्हता, आणि मला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटायला लागली. कशासाठी राखून ठेवलंय यांनी हे?

मुंबईत मुलाखत घ्यायला तिघंजण होते. मधोमध बसलेले अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, एका कानाला ऐकायचं यंत्र. ते प्रत्येक उत्तर दोनदा सांगायला लावत. खरंच ऐकू येत नाही की दोन्ही उत्तरं जुळतात का ते पाहतात, असा संशय मला पहिल्या पाच मिनिटांतच आला. तशा माणसासमोर उभं राहायची मला सवय होती. उरलेली मुलं बावरून बाहेर येत होती. मी त्या खोलीत निदान अनोळखी नव्हतो.

एकानं विचारलं, "समजा तुम्हाला एखाद्या तालुक्याच्या गावी पाठवलं. दुकानदार म्हणाला, तुमचा साबण इथं खपत नाही. काय कराल?"

"दुसऱ्या दुकानदाराला विचारीन."

"तोही तेच म्हणाला तर?"

"अगदी त्याच शब्दांत म्हणाला तर मला वाटेल, कोणीतरी दोघांना पढवलं आहे. मग मी दुकानात न जाता नदीवर जाईन. बायका कशानं धुतात ते पाहीन."

तिघंही हसले. लय हसून बोलले तर सावध राहा, हे आठवेपर्यंत अध्यक्षांनी फॉर्मवर बोट ठेवलं होतं. "हे मधलं वर्ष?"

"वडील आजारी होते."

त्यांनी कानाच्या यंत्राला हात लावला. "काय म्हणालात?"

"वडील आजारी होते. टायफॉइड."

दोन्ही उत्तरं जुळली. अध्यक्षांनी काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

परत आल्यावर नाझरकाकांनी मुलाखतीबद्दल पुष्कळ विचारलं. मी त्या एका प्रश्नाखेरीज सगळं सांगितलं. त्यांनीही तो प्रश्न विचारला नाही.

तीन आठवडे गेले. एक दिवस वाचनालयातून येताना लांबून दिसलं की ओट्यावर कोणी परका माणूस बसला आहे. गडद चष्मा, मांडीवर कातडी बॅग, हातात छोटी वही. नाझरकाका बोलत होते आणि तो लिहून घेत होता. मी फाटकाशी पोचलो तसं काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, जा. मी मागच्या दारानं आत गेलो. काकूंनी डोळ्यांनीच सांगितलं, कंपनीचा माणूस. भिंतीला कान लावला तरी शब्द कळत नव्हते. पाऊण तास तो बसला होता. एकदा मात्र त्याचं हसणं ऐकू आलं.

तो गेल्यावर मी ओट्यावर आलो. "कोण होते काका?"

"तुले काय करायचं?"

"माझ्याबद्दल विचारायला आले होते ना?"

"साक्ष देनारा पक्षकाराशी बोलत नसते," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

त्या क्षणापासून माझ्या मनात शंका उरली नाही. त्या माणसानं विचारलं असणार, मधलं वर्ष खरं का? आणि ज्यानं उभ्या जन्मात खोट्याची गय केली नाही त्यानं सांगितलं असणार, बाप ठणठणीत आहे. स्वतः बापाला विचारलंय मी. मग तो हसला कशाला? मला हसला. आता त्यांच्या प्रत्येक हालचालीत मला काहीतरी दिसू लागलं. ते पोस्टमनशी दोन मिनिटं जास्त बोलले तर वाटे, माझं पत्र दाबलं. काकूंशी आत हळू आवाजात बोलले तर वाटे, माझंच चाललंय. जेवणाची वेळ मी बदलली. संध्याकाळी ओट्यावर जायचं सोडलं. एकदा दोनदा त्यांनी हाक मारली, "काऊन बे, तब्येत बरी नाई का?" मी झोपेचं सोंग घेतलं.

आणि कंपनीचं दुसरं पत्र आलं. शेवटच्या मुलाखतीसाठी या. मला वाटलं, पकडायला बोलावलंय. मी त्याच दिवशी वळकटी बांधली आणि गावी जातो म्हणून सांगितलं. खोलीच सोडतो.

"कायले?" नाझरकाकांनी विचारलं.

मी वळकटीची दोरी पुन्हा आवळली. काकूंनी दशम्या बांधून दिल्या. त्यांच्या पाया पडलो. काका ओट्यावर उभे होते. त्यांच्या समोरून मी वळकटी घेऊन उतरलो आणि मागं वळून पाहिलं नाही. वाकलो नाही. त्यांनी पुन्हा "कायले" विचारलं नाही, हेही मला तेव्हा त्यांच्या अपराधाची कबुली वाटली.

दुसऱ्या मुलाखतीला अध्यक्ष एकटेच होते. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्या वडिलांना काय झालं होतं?" आणि ते माझ्या डोळ्यांकडे न पाहता जरा बाजूला पाहत राहिले. माझे कान पेटले. सगळं कळलंय यांना, आता फक्त माझ्या तोंडून ऐकायचंय, असं मनाशी म्हणून मी बोलून टाकलं.

"काही झालं नव्हतं. मी इंग्रजीत नापास झालो होतो. फॉर्ममध्ये खोटं लिहिलं आणि मागच्या वेळी इथंही खोटं बोललो."

"का लिहिलंत?"

"नापास मुलाला तुम्ही बोलावलं नसतं म्हणून."

"नसतंच बोलावलं," ते म्हणाले. त्यांनी फॉर्मवर एक ओळ खोडली, वर काही लिहिलं आणि विचारलं, "त्या वर्षी केलंत काय?"

मी सांगितलं, मिरची. रोप कसं टाकतात, पाणी जास्त झालं तर मूळ कसं कुजतं, मेहकरच्या बाजारात कोणता व्यापारी हिरवी मिरची पाहताना तोंडानं नावं ठेवतो आणि हातानं निवडून बाजूला काढतो. ते अर्धा तास ऐकत होते. यावेळी त्यांनी काहीच दोनदा विचारलं नाही. दोन आठवड्यांनी नेमणुकीचं पत्र गावी आलं. वडिलांनी ते वाचता येत नसतानाही बराच वेळ हातात धरलं.

पुढं मुंबई, कलकत्ता, परत मुंबई. शिकलो, हुद्दे चढलो, लग्न झालं. नाझरकाकांना मी कळवलं नाही. पहिल्या वर्षी काकूंचं एक पोस्टकार्ड गावच्या पत्त्यावरून फिरत आलं होतं, 'काका विचारतात, निकाल काय लागला.' मी ते वाचून मनात म्हटलं, आपण केलेल्या कामाचा निकाल पाहायचाय यांना. उत्तर टाकलं नाही. माणसाला एकदा असं वाटलं की ते खरं करून दाखवायला मन किती कागद गोळा करतं!

अकरा वर्षांनी माझी बदली माणसं निवडण्याच्या खात्यात झाली. आता मी टेबलाच्या या बाजूला होतो. उमेदवारांची घरी जाऊन चौकशी करायची जुनी पद्धत ठेवावी की बंद करावी, हे ठरवायचं होतं, म्हणून मी जुन्या फायली मागवल्या. गठ्ठ्यात माझीही फाईल होती. गडद चष्म्याच्या माणसाचा अहवाल इंग्रजीत होता, दीड पानी. त्याचा मतलब असा:

'घरमालक निवृत्त नाझर. यांनी प्रथम माझं अधिकारपत्र मागितलं. नंतर अर्धा तास मलाच प्रश्न विचारले: कंपनी मुलांना कुठं ठेवते, आजारी पडल्यास कोण पाहतं, मुदतीनंतर काढून टाकते काय. उमेदवाराबद्दल म्हणाले, अडीच वर्षं पाहतो आहे, खोटं बोलला की कान लाल होतात, त्यामुळे याच्यापासून धोका नाही. तुमच्या साहेबांना कानाकडे पाहायला सांगा. शिक्षणातल्या खंडाबद्दल विचारलं असता म्हणाले, ते माझ्यासमोर घडलेलं नाही, त्या वर्षाची साक्ष मी देणार नाही. ज्याचं वर्ष त्याला विचारा.'

खाली अध्यक्षांच्या अक्षरात एक ओळ होती. 'खोटं स्वतः मागं घेतलं. घ्यावा.'

मी फाईल बंद केली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. 

त्याच आठवड्यात मी गाडीनं मलकापूर आणि तिथून बसनं घाट चढून बुलढाण्याला गेलो. नाझरकाका ओट्यावरच होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, जाड भिंगाचा चष्मा, अंग निम्म्यावर आलेलं. मी वाकलो. त्यांनी चेहरा जवळ आणून पाहिलं आणि म्हणाले, "प्रल्हाद." नाव विचारलं नाही.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मुलगा-सून परगावाहून आता इथं राहायला आले होते; सून चहा घेऊन आली तेव्हा मला हे कळलं.

"काका, माझं चुकलं," मी म्हणालो. "मले वाटलं होतं, तुमीच सांगतलं त्या माणसाले." अकरा वर्षांनी माझ्या तोंडून 'मले' आलं.

"ठाऊक हाय मले. तू वळकटी घेऊन उतरला तेव्हाच समजलं."

"मग बोलले काऊन नाही?"

"तू विचारलं नाई." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "संशय मीबी जन्मभर घेतला. बायकोवर घेतला, भावावर घेतला. पन ज्याच्यावर घेतला त्याले तोंडावर विचारला. तू घेतला आन् निंघून गेला. असा संशय घेऊ नाई बाप्पा. मानूस आतल्या आत सडते. घेनाराबी, आन् ज्याच्यावर घेतला तोबी."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "तुही काकू रोज पोस्टमनले विचारे, प्रल्हादचं काही आलं का? मी तिले म्हनो, येईन. मोठ्या ठिकानी हाय, कामात असन." मग एकदम खुर्चीत सरसावून बसले. "बरं, आता दुसऱ्या इंटरव्यूचं सांग. पहिल्यापासून सांग. कोन कुठं बसलं होतं?"

मी सांगत गेलो. ते मध्येमध्ये अडवत होते. अध्यक्षांनी कानाकडे पाहिलं हे ऐकून त्यांचा चेहरा एवढासा उजळला. आणि मी खरं बोलून टाकलं तिथं आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांब. खरं काऊन सांगतलं?"

"मले वाटलं, तुम्ही आधीच सांगून टाकलं असेल."

ते खुर्चीत मागं रेलले. मग खांदे हलायला लागले. नाझरकाकांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "म्हंजे माह्यावर संशय घेतला म्हून खरं बोलला! वा रे पोट्टा!" हसता हसता त्यांना खोकला आला, सून बाहेर धावत आली. परतीची बस केव्हाच निघून गेली होती. मी तिथंच राहिलो.

त्यानंतर वर्षभर आमचा पत्रव्यवहार चालला. त्यांच्या पत्रांत मजकूर थोडा आणि प्रश्न फार. मी आता मुलं निवडतो हे कळल्यापासून तर आकडे घालून प्रश्न येत. नापास झालेल्याला बोलावता का? खेड्यातल्या पोराला इंग्रजीत अडलं तर थांबता का? मी सगळ्यांची उत्तरं देत होतो. शेवटच्या पत्रात सहा प्रश्न होते, अक्षर हललेलं. सहावा असा होता: 'मुलाखतीला आलेल्या पोरांना कोणी पाणी विचारतं का?'

मी कचेरीतल्या माझ्या खोलीचं दार उघडून बाहेर पाहिलं. बाकावर नऊ मुलं सकाळपासून बसली होती, शर्टाची वरची बटणं लावून. पाण्याचं भांडं कुठंच नव्हतं. वर्षभर मी रोज त्या बाकासमोरून ये-जा करत होतो. 'नाही' असं उत्तर लिहायची मला लाज वाटली. आधी माठ आणू, मग लिहू, म्हणून पत्र टेबलावर ठेवलं. माठ दुसऱ्याच दिवशी आला. पत्र लिहायचं मात्र राहून गेलं, आणि सहाव्या दिवशी त्यांच्या सुनेची तार आली.